वाढत्या अंगाचं

जून उजाडला की आमच्या रहिमतपुरात दोघांना जेवायला फुरसत नसते. एक बियाण्यांचा दुकानदार आणि दुसरा शाळेचे गणवेश शिवणारा टेलर. पहिल्याच्या दारात बाप उभा असतो, दुसऱ्याच्या दारात आई. बापाला सोयाबीनच्या उगवणीची खात्री पाहिजे असते, आईला पोराच्या वाढीची. दुकानदार "पाऊस काय माझ्या हातात आहे का?" म्हणून मोकळा होतो. टेलरला ती सोय नाही. वाढीचा अंदाज बांधून त्याला तिथल्या तिथं कापडाला कात्री लावावी लागते.

निवृत्त माणसाला आमच्याकडे बसायला दोनच जागा, देऊळ नाहीतर टेलरचं दुकान. देवळात बोलणं एकतर्फी होतं म्हणून मी दुकान धरलं. त्यामुळे जूनमधला हा संवाद माझ्या अगदी कानाखालचा आहे.

"मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा बरं का."

"किती वाढंल म्हणायचं?"

"आता ते मला काय ठावं? ह्याचा मामा बघितलाय न्हवं तुमी?"

मास्तरांनी मामा बघितलेला असतो. ह्या पंचक्रोशीतले सगळ्यांचे मामा त्यांनी कधी ना कधी मापलेले आहेत. मग टेप भाच्याच्या अंगाला लागतो आणि वहीत माप मामाचं उतरतं. खालनं चांगली चार बोटं दुमड, कंबरेला आत सोडलेलं कापड, बाह्या अंगठ्याच्या पेऱ्यापर्यंत. पोरगं मधे हात पसरून उभं असतं. त्याला कुणी काही विचारत नाही. दुकानातला आरसा छातीपर्यंतचंच दिसेल असा टांगलेला आहे, त्यामुळे स्वतःची पँट त्याला मान खाली घालूनच बघावी लागते, आणि वरून बघितलं की पाय दिसतच नाहीत, नुसतं कापड दिसतं.

पँट तरी साधीसुधी नसते. सातवीपर्यंत हाफ, आठवीपासून फुल, असा आमच्याकडचा जुना दंडक. आता काही शाळांनी पाचवीपासूनच फुल केली, पण ज्यांची सातवीपर्यंतची शाळा गावात झाली त्यांच्यासाठी आठवीची फुल पँट म्हणजे मुंज, लग्न आणि नोकरी ह्यांच्या रांगेतला एक संस्कारच आहे. गुडघ्यावरच्या खपल्या, व्रण, सायकलवरून पडल्याच्या खुणा, हे सगळं वैभव त्या दिवसापासून झाकलं जातं. उरतो तो मामाच्या मापाचा एक गृहस्थ, ज्याला पट्टा आवळूनही पँट वर ठेवता येत नाही. आपण कोण, दिसतो कसे, चारचौघांत आपली किंमत काय, ह्याचं तेराव्या वर्षी पोराच्या मनात जे काही तयार असतं तेसुद्धा मला असंच वाटतं, दुसऱ्याच्या मापानं शिवलेलं. हायस्कूलची पहिली दोन वर्षं ते सावरत चालण्यातच जातात.

रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातलं नगरपालिकेचं गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर आमच्या नावाचं स्टेशन आहे, गावात आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाची कबर आहे, नाटककार वसंत कानेटकर 1920 साली इथंच जन्मले. पण आसपासच्या वाड्यावस्त्यांना ह्यातलं काही सांगू नका. त्यांच्या लेखी रहिमतपूर म्हणजे बाजार, दवाखाना आणि हायस्कूल. जिल्हा परिषदेची शाळा कुठं चौथीला संपते, कुठं सातवीला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं सगळं प्राथमिक ठरवलं खरं, पण कायद्यातली आठवी आणि एस्टीतली आठवी ह्यांची गाठ सगळीकडे पडलेली नाही. तर शाळा संपली की पोरं एस्टीत बसतात. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावानं पास फुकट, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांशात. त्यामुळे घरी पैशावरून वाद झाला की भाऊ बहिणीकडे असा बघतो, जणू एस्टी तिच्याच मालकीची.

ह्या एस्टीतून जे उतरतं त्यात प्रत्येक गावचा एक 'पहिला नंबर' असतो. गावच्या शाळेत सातवीच्या पटावर नऊ-दहा पोरं. त्यात पहिला येणारा पहिलीपासून पहिलाच येत आलेला. झेंडावंदनाला भाषण त्याचं, पाहुण्यांना गुच्छ द्यायला तो, शिष्यवृत्तीच्या फळ्यावर ऑइलपेंटनं रंगवलेलं नाव त्याचं. गावात त्याला नावानं फारसं कुणी ओळखतच नाही. "त्यो पैल्या नंबरचा" एवढंच पुरतं. म्हातारी माणसं औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचायला त्याला बोलावतात आणि तो वाचतोही. काय वाचतो ते त्याला आणि देवाला माहीत, पण दोघंही कुणाला सांगत नाहीत.

हे सगळे पहिले नंबर आठवी अ मध्ये एकत्र येतात. प्रत्येक बाकावर एक पहिला, शेजारी दुसरा पहिला. सरांनी प्रश्न विचारला की पंधरा-वीस हात एकदम वर. गावात हात वर केला की प्रश्न आपलाच, इथं हात खाली येईपर्यंत उत्तर भलत्यानंच दिलेलं. पहिली चाचणी होते आणि त्या एवढ्या पहिल्यांतला एक अठरावा येतो. कुणीतरी येणारच, पण हे गणित अठराव्या आलेल्याला कुठलं पटायला? घरी आजी विचारते, "कितवा आलास रं?" पोरगं सांगतं, "अजून नंबर काढल्यालं न्हाईत." हे उत्तर दिवाळीपर्यंत चालतं. दिवाळीनंतर आजीच विचारायची थांबते. आज्यांना कळतं.

हर्बर्ट मार्श नावाच्या एका मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात नेमकं हेच अभ्यासलं. सारख्याच हुशारीची दोन मुलं घ्या. एक साध्या शाळेत, एक निवडक हुशारांच्या शाळेत. दुसऱ्याचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत पहिल्यापेक्षा खाली जातं. लहान तळ्यातला मोठा मासा, असं त्याचं नाव त्यांच्याकडे पडलं. म्हणजे पोराची बुद्धी तेवढीच राहते, बदलतो तो शेजार. ही गोष्ट आमच्या इथल्या कुठल्याही शिपायाला विनासंशोधन ठाऊक आहे, कारण आठवीच्या मधल्या सुट्टीत नळावर उगाचच उशिरापर्यंत पाणी पीत राहणारी पोरं तो वर्षानुवर्षं बघतोय. तहान एवढी नसते. वर्गात लवकर जायचं नसतं.

इथं मला 'क' तुकडीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. अ मधलं पोरगं धास्तावलेलं असतं की आपण ब मध्ये जाऊ. ब ची नजर वर. क च्या खाली तुकडीच नाही! तिथं पोहोचलेली पोरं आठवड्याभरात हायस्कूलला अशी रुळतात, जणू इमारत बांधताना तीच हजर होती. कुठल्या खिडकीचा गज सैल आहे, कुठल्या सरांचा तास शनिवारी होत नाही, कॅन्टीनवाला उधारी कुणाच्या नावावर देतो, ही सगळी विद्या क मध्ये. संमेलनाला खुर्च्या मांडायच्या, ट्रॅक्टर आणायचा, वाकलेली बास्केटबॉलची रिंग सरळ करायची तर हाक क लाच. मार्श साहेबांनी ह्या बाजूनंही बघितलंय, मासा तोच पण तळं सोयीचं. माझं म्हणणं इतकंच, की त्या पोरांना तळ्याचं काही पडलेलंच नसतं. ती काठावर बसून असतात.

आता हजेरीबद्दल. गावच्या शाळेत "हजर गुरुजी" म्हणायचं, हायस्कूलात "येस सर". हा बदल चार दिवसांत जमतो. जमत नाही तो आवाज. आठवीच्या मध्यावर पोरांचे आवाज फुटतात, आणि फुटताना सांगून फुटत नाहीत. "येस" तळघरातून निघतो आणि "सर" एकदम माळ्यावर जातो. सत्तर पोरांचा वर्ग, त्यात अर्ध्या मुली. आमच्या शेजारच्या घरातला पोरगा ह्या धास्तीनं हजेरीला नुसता हात वर करायचा. सरांची मान हजेरीपटात. त्यांना हात दिसायचा नाही, फुली पडायची. महिन्याच्या शेवटी घरी निरोप आला की तुमचा मुलगा निम्मे दिवस गैरहजर आहे. बाप कोरेगावला कामाला. संध्याकाळी आला तो सरळ पोराच्या समोर. "रोज दप्तर घेऊन जातोस कुठं?" पोरगं गप्प. बोलायचं म्हणजे पुन्हा आवाजच काढायचा आला! शेवटी आईनं मध्ये पडून उलगडा केला. तिला आठवडाभर आधीच कळलं होतं, कारण पोरगं घरातसुद्धा भाकरी हातानं खुणा करून मागायला लागलं होतं.

डेव्हिड एल्काइंड ह्यांनी 1967 मध्ये ह्या वयाविषयी एक निरीक्षण मांडलं, की पोरांना आपल्याभोवती सतत प्रेक्षक बसलेत असं वाटतं. नसलेले प्रेक्षक. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2000 साली, अमेरिकेत टॉम गिलोविच आणि मंडळींनी एक मजेशीर प्रयोग केला. कॉलेजच्या विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि लोक बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांना चित्र ओळखू आलं असेल? साधारण निम्म्यांना, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनाच आलं होतं. म्हणजे आपली लाज आपल्याला वाटते त्याच्या निम्म्या भावानं खपते. आठवीच्या पोराला हे सांगून बघा. तो म्हणेल, ते पाव लोक नेमके माझ्या वर्गात आहेत. आणि खोटं नाही. आठवी ब मध्ये लक्ष ठेवणाऱ्यांची टक्केवारी अमेरिकेपेक्षा जास्त असावी असा माझा अंदाज आहे. ह्या विषयावर अनुदान कुणी देत नाही म्हणून नुसता अंदाज.

त्यातून सुटका नसलेली गोष्ट म्हणजे नाव. रहिमतपुरात बाहेरगावच्या पोराला पहिले दोन महिने नाव नसतं, गाव असतं. "ए धामणेर, इकडं ये." "वेळूवाल्या, डस्टर आण." वेळूच्या पोराला ह्यात तोटा नाही, त्याच्या गावानं जलसंधारणाच्या स्पर्धेतला 2016 चा पहिला वॉटर कप जिंकलेला. गावाचं नाव घेतलं की त्याची छाती आपोआप इंचभर वाढते. पण आमच्याजवळ साप नावाचंही एक गाव आहे. तिथून आलेल्या पोराच्या वाट्याला काय येत असेल ह्याची कल्पना करा. दरवाजातून आत आला की मागच्या बाकावरून फुस्स. बाकावर बसला की शेजारी पाय वर घेणार. नागपंचमीला तर त्यानं शाळेत येऊच नये. एका सापकर पोरानं मात्र ह्यावर फार नामी तोड काढली. पहिल्याच दिवशी स्वतःहून उभं राहून ओळख करून दिली, "मी साप. बिनविषारी." वर्ग हसला आणि विषय संपला. हे त्याला कुणी शिकवलं म्हणून मी मुद्दाम चौकशी केली, तर त्याच्या थोरल्या बहिणीनं. तिनं तीन वर्षं सोसून काढलेलं शहाणपण तिनं एका वाक्यात धाकट्याच्या दप्तरात घातलं होतं.

मुलींचं प्रकरण निराळं आहे. प्रार्थनेला रांग उंचीप्रमाणे लागते, आणि ह्या वयात मुली आधी उंच होतात. सगळ्यात मागे उभी राहणारी मुलगी गुडघ्यात किंचित वाकून उभी असते, ओढणी लांब असल्यामुळे गुडघे दिसत नाहीत. प्रार्थना संपेपर्यंत तिच्या पोटऱ्या भरून येतात. पीटीचे सर ओरडतात, "ताठ उभं राहा!" ती ताठ राहते आणि पुढच्या रांगेतली चार पोरं मागे वळून बघतात. ह्याच मुलीला दोन वर्षांनी सर खो-खोच्या संघात घेतील आणि तेव्हा तिच्या लांब ढांगांचं कौतुक करतील. पण दोन वर्षं म्हणजे तेराव्या वर्षी केवढा काळ!

रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ ह्या दोघांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या मुलामुलींचा काही वर्षं पाठपुरावा करून 1987 मध्ये पुस्तक लिहिलं. काही मुलं आठवीपर्यंत एकाच लहान शाळेत राहिली, काहींना सातवीतच मोठ्या शाळेत जावं लागलं. त्यात मुलींना फटका बसला. सातवीत शाळा बदललेल्या मुलींचं स्वतःबद्दलचं मत खाली गेलं, आणि दहावीत पुन्हा शाळा बदलली तेव्हा आणखी. शाळा बदलणं, शरीर बदलणं, मैत्रिणी बदलणं, सगळं एकाच पावसाळ्यात आलं तर जास्त जड जातं असं त्यांना दिसलं. त्यांच्या लिखाणातली एक गोष्ट मला फार पटली. पोरांना सगळं बदलायचं असेल तर बदलू द्या, पण एक तरी कोपरा असा राहू द्या की जिथं निवांत बसता येईल.

आमच्याकडे तो कोपरा एस्टीत असतो. शाळेच्या फाटकात जी मुलगी बोलत नाही, वर्गात जिचा आवाज सरांनाही माहीत नाही, ती संध्याकाळी साडेपाचच्या गाडीत चढली की बघत राहावं. शेवटच्या लांब सीटवर गावच्या सहाजणी. दप्तरं मांडीवर, चपला काढलेल्या, रिबिनी सोडून केस पुन्हा बांधलेले. दिवसभरात काय काय झालं ह्याचा पंचनामा सुरू. सरांच्या नकला, मॅडमच्या साड्या, पुढच्या बाकावरच्या शहाण्या पोरीचा उद्धार. इथं तिला पुन्हा तिच्या नावानं हाक मारतात, त्यातही घरच्या नावानं. कंडक्टर म्हणतो, "पोरींनो, हळू." ह्याच पोरी दिवसभर तोंड मिटून बसतात हे त्याला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. एस्टी उशिरा आली, वाटेत बंद पडली की पालकांच्या जिवाला घोर लागतो. पोरींना तो जादा तास मिळाल्यासारखा आनंद.

पोरांची स्वतःविषयीची कल्पना मोजायची एक पट्टीही जगात आहे. मॉरिस रोझेनबर्ग ह्यांनी 1965 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांहून जास्त हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, तेव्हापासून त्यांची दहा वाक्यांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपल्यात काही चांगलं आहे असं वाटतं का, कधी कधी आपण कुचकामी आहोत असं वाटतं का, अशा धर्तीची वाक्यं. पुढं पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. आता ही पट्टी सातारा जिल्ह्यातल्या घरात नेली तर काय होईल? इथं पोराला तोंडावर चांगलं म्हणायची पद्धतच नाही. म्हटलं की ते शेफारतं. फारच म्हटलं तर दृष्ट लागते, मग मीठमोहऱ्या ओवाळा. नव्वद टक्के मिळाले की बाप विचारतो, "धा कुठं गेलं?" हाच बाप चावडीवर त्याच नव्वद टक्क्यांवर अर्धा तास बोललेला असतो, पण ते पोराच्या कानावर येणार नाही ह्याची काळजी घेऊन. त्यामुळे आपल्यात चांगलं काही आहे का ह्या वाक्यासमोर आमचं पोर पेन्सिल चावत बसेल आणि शेवटी शेजाऱ्याचं बघून लिहील. बरं, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का, ह्यावर मात्र लगेच सहमत, कारण ते सकाळीच घरून ऐकून निघालेलं असतं. ते मनावर किती घ्यायचं हे पोर जाणतं. परीक्षकाला कसं कळावं?

ह्या पार्श्वभूमीवर कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधला एक विद्यार्थी मला नेहमी चकित करतो. यशवंतराव चव्हाण 1913 मध्ये देवराष्ट्र्यात जन्मले. वडील लहानपणीच गेले, आई आणि भावंडांनी ओढाताण करत शिकवलं. हायस्कुलात असताना शिक्षकांनी मुलांना कागदावर लिहायला सांगितलं, की पुढं तुम्ही कोण होणार? पोरांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली. ह्यानं लिहिलं, आपण यशवंतराव चव्हाणच होणार. 'कृष्णाकाठ' ह्या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग सांगितलाय आणि सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक हेडमास्तरांनी तो संमेलनात एकदा तरी सांगितलेला आहे. गोष्ट मोठी आहे ह्यात शंका नाही. मला मात्र राहून राहून वर्गातल्या बाकीच्या पोरांची आठवण येते. ज्यांनी टिळक लिहिलं, गोखले लिहिलं, ती काही चुकली नव्हती. तेराव्या-चौदाव्या वर्षी मोठ्या माणसाचं नाव अंगावर घेऊन बघावंसं वाटतं, पुढं ते ढगळ होतं म्हणून काढून ठेवावं लागतं. आज आठवीच्या वर्गात हाच प्रश्न दिला तर निम्मी पोरं कलेक्टर लिहितील, काही आयपीएस, दोन-चार क्रिकेटपटू, आणि एखादा जेसीबीचा मालक. ह्यातला जेसीबीवाला खरंच होतो. मी होताना बघितलाय.

हेडमास्तरांचा दुसरा हुकमी विषय कर्मवीर भाऊराव पाटील. त्याला मात्र माझी ना नाही. 1919 मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग निघालं. खेड्यापाड्यांतून आलेली, जातीजातींची पोरं एका छपराखाली. बुजलेली, घराच्या आठवणीनं कावलेली, अंगावर धड कपडे नसलेली. त्यांना भाऊराव अण्णांनी आधी धीराचं व्याख्यान दिलं नाही. कुदळ दिली, पोळपाट दिला, पाण्याची घागर दिली. स्वतः राबायचं, शिजवायचं, एका पंगतीला खायचं. बोर्डिंग चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. ज्याच्या भाकरीवर साठ जण जेवतात त्याला आपण कोण हा प्रश्न पडायला फुरसत कुठली? पीठ कमी पडलं का, हा प्रश्न आधी पडतो. आजच्या पोरांना कुदळ द्या असं मी म्हणत नाही, त्यांचे पालक माझ्या दारात येतील. पण हायस्कूलला रुळलेल्या प्रत्येक पोराची हकीकत विचारली तर त्यात कुठं ना कुठं एक काम निघतं. एकाकडे प्रयोगशाळेची किल्ली आली. एकीला परिपाठात सुविचार लिहायचा फळा मिळाला, अक्षर चांगलं म्हणून. एक जण पावसाळ्यात घंटा वाजवायला लागला, कारण शिपायाचा गुडघा धरलेला. घंटा हातात आली त्या दिवसापासून त्याची पँट कुणाला ढगळ दिसली नाही. निदान त्याला स्वतःला तरी.

स्नेहसंमेलन हे ह्या सगळ्याचं प्रदर्शन. कानेटकर आमच्या गावचे, तेव्हा त्यांच्या नाटकातला एखादा प्रवेश व्हायलाच हवा असा कुणीतरी आग्रह धरतो. एका वर्षी 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधला घेतला. 1962 चं हे नाटक म्हणजे शिवाजी महाराज आणि संभाजीराजे ह्यांच्यातल्या बाप-लेकाच्या ताणाचं. बापाचा दरारा, त्याच्या मापात मावता न येणारा मुलगा. विषय पोरांना समजावून सांगायला लागत नाही, रोज घरी तालीम असते. संभाजीची भूमिका दहावीतल्या एका देखण्या पोराला. आवाज फुटत असलेल्या आमच्या शेजारच्या पोराला भालदाराचं काम, कारण त्याला बोलायचं नव्हतं, नुसतं भाला धरून उभं राहायचं. प्रयोगाच्या रात्री संभाजीला घाम फुटला आणि तो वाक्य विसरला. सभागृह शांत. विंगेतून सर कुजबुजताहेत, ते त्याला ऐकू येईना. तेवढ्यात भालदारानं जागेवरून न हलता, समोर बघत, खर्जात वाक्य सांगितलं. आवाज कुठंही चिरकला नाही. महाराजांसकट सगळे त्याच्याकडे वळले. इतिहासात भालदारानं राजपुत्राला संवाद सांगितल्याची नोंद नाही, पण टाळी त्यालाच पडली. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याचं "येस सर" शेजारच्या वर्गात ऐकू गेलं म्हणतात.

सगळ्यांना भालदार व्हायला मिळत नाही, हेही सांगायला हवं. दर वर्षी नववीच्या सुरुवातीला चार-पाच नावं हजेरीपटातून गळतात. एखादा मामाकडे पुण्याला जातो, तिथं गॅरेज असतं. एखाद्या मुलीचं स्थळ बघितलं जातं. तिची मैत्रीण एस्टीत शेवटच्या सीटवर जागा धरून ठेवते आणि कंडक्टर दुसऱ्या कुणाला तिथं बसवतो. शाळेत अशांविषयी "मन लागलं नाही" असं म्हणतात. मला ते वाक्य आवडत नाही. मन लागायला आधी कुणीतरी ते मागावं लागतं. त्या पोराला वर्षभरात किल्ली, फळा, घंटा, भाला ह्यांतलं काही म्हणजे काही कुणी दिलेलं नसतं. टेलरमास्तर अशा पोरांची पँट ओळखतात. धाकट्या भावासाठी ती उसवून लहान करायला येते, आणि खालची दुमड उघडली की आतलं कापड कोरं असतं. सोडायची वेळच आलेली नसते.

बाकीचे दहावीत पोहोचतात. बोर्डाचा फॉर्म भरायचा म्हणून फोटो लागतो, मग सगळी स्टुडिओत. हा दुसरा मोसम मी चुकवत नाही. स्टुडिओवाला आमच्या टेलरच्या समोरच आहे, बाक दारात ओढला की झालं. पोरं घरून केस पाण्यानं चापून आलेली असतात, इथं येऊन पुन्हा उभे करतात. नव्या मिशीचे चार केस नीट दिसतील का अशी एकाची चौकशी, ते दिसू नयेत अशी दुसऱ्याची. "दादा, जरा गोरं करा." "नाक कमी हुईल का?" मुली दोन वेण्यांतली एक पुढं घ्यायची का दोन्ही, ह्यावर एकमेकींशी भांडतात. स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर माउस फिरवत सगळ्यांच्या मनासारखं करून देतो. परीक्षा मार्चमध्ये असते, तोवर फोटोतला गोरेपणा उतरतो आणि मिशी मात्र राहते.

गेल्या मार्चमध्ये आमच्या भाच्याला बाहेरगावच्या केंद्रावर बाक आला. वर्गावरच्या सरांनी हॉलतिकीट हातात घेतलं, फोटो बघितला, पोराकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"हा तूच का रे?"

"होय सर," भाचा म्हणाला. "स्टुडिओत जरा बरा निघालो."